आठ बटणांची वायरिंग

नवऱ्याच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, की औषध कोणतं. औषध नव्हतं. स्नायू हळूहळू काम सोडत जाणार होते, आणि त्याच्या बाबतीत सुरुवात हातांपासून झाली होती.

बंगळुरात मारतहळ्ळीच्या फ्लॅटवर परत आल्यावर त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. लहानपणी नागपुरात त्याच्या शाळेसमोर व्हिडिओ गेमचं दुकान होतं, दांडा आणि मोठाली बटणं असलेल्या उभ्या मशिनींचं. तसला डबा करून दे म्हणाला. हातात धरायचा रिमोट निसटायला लागला होता, पण बटणं टेबलावर असतील तर दाबता येतील असा त्याचा हिशोब. "जेवायला तू भरवशील, शर्ट तू घालशील. एक गोष्ट तरी माझ्या बोटाने होऊ दे."

मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासते. दुसऱ्यांच्या सोल्डरिंगमधल्या चुका काढण्यावर माझं पोट आहे, त्यामुळे या कामात मला कुणी शिकवलेलं खपत नाही. बटणं घ्यायला राजाजीनगरच्या एका दुकानात गेले. दुकानदार बेळगावकडचा, मराठी बोलणारा. वायरी डाग देऊन कायमच्या जोडायला मी सोल्डरची तार मागितली तसा तो म्हणाला, "सोल्डर कशाला अक्का? ह्या क्लिपा घेऊन जावा. वायरच्या टोकाला पक्कडीनं दाबायची, बटणाच्या पात्यावर सरकवायची. उद्या बटण हलवायचं झालं तर ओढली की निघाली."

"हलवायचं कशाला?"

"सरी, तुमची मर्जी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. क्लिप ढिली पडते, आम्ही पक्कं काम करतो, असलं काहीबाही त्याला ऐकवलं. खरं तर नीट दाबलेली क्लिप वर्षानुवर्षं हलत नाही, हे मला त्याच्याहून चांगलं माहीत होतं. पण क्लिपा घ्यायच्या म्हणजे बटणं हलवायची वेळ येणार हे कबूल करायचं. तेव्हा मी ते कुणाच्याही बापापुढे कबूल केलं नसतं.

प्लायवूडचा डबा केला. त्याची बोटं जिथे पडत होती तिथे आठ भोकं पाडली, आठ बटणं आणि बाजूला एक दांडा बसवला. बटणांची एक बाजू जोडणारी सामाईक वायर एका बटणावरून दुसऱ्यावर अशी अखंड फिरवली आणि सगळी टोकं सोल्डर केली. एकेक जोड भिंगाखाली बघितला. तो शेजारी बसून चिडवत होता, "रॉकेट सोडतेयस का? गेम खेळायचाय मला." पहिल्याच संध्याकाळी त्याने मला सलग सहा वेळा हरवलं. मला इतका आनंद झाला की मी तिथेच रडले, आणि तो म्हणाला, हरल्यावर रडणं हा जुना उपाय आहे.

दोन महिने घरात त्या बटणांची टकटक चालू असायची. मग ती कमी झाली. ऑफिसचं काम घरी आणून मी आतल्या खोलीत बसत असे. माझ्या लक्षात आलं नाही.

एका रविवारी जेवणं झाल्यावर ओटा आवरून बाहेर आले तर पडद्यावर गेम आपला आपणच चालला होता, कुणी खेळत नसलं की नमुना दाखवतात तसा. तो समोर बसून बघत होता, हात डब्यावर नुसता ठेवलेला. मला वाटलं वायर तुटली. डबा उलटा केला, मीटर लावला, आठही जोड व्यवस्थित.

"वायर ठीक आहे," तो म्हणाला. "माझी दोन बोटं आता तिकडे पोचत नाहीत. महिना झाला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकं पक्कं करून ठेवलंस. म्हटलं, हिला एवढी खात्री आहे तर राहू दे."

आजारी माणसावर ओरडू नये म्हणतात. मी ओरडले. मग इस्त्री तापवावी तशी सोल्डरिंग गन तापवली आणि ती दोन बटणं सोडवायला बसले. उष्णतेने एकाचं प्लॅस्टिक वितळलं. सामाईक वायर मध्येच सुटल्याने पुढची सगळी बटणं बंद पडली. शेवटी कटरने सगळ्याच वायरी छाटल्या. महिनाभर हा माणूस नुसता पडदा बघत बसला होता, आणि तो का, तर बायकोला वाईट वाटू नये म्हणून. याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी क्लिपा आणल्या. दुकानदाराने नुसत्या मोजून दिल्या, त्याचे उपकार. आता दर दोन-तीन आठवड्यांनी बटणं सरकतात. क्लिप ओढायची, नवं भोक पाडायचं, क्लिप लावायची, दहा मिनिटांचं काम. आठाची पाच झाली, पाचाची तीन. दांडा काढून टाकला. सध्या उजव्या अंगठ्याखाली एकच बटण आहे, आणि एका बटणावर चालणारे गेम मी शोधून ठेवते.

गेल्या आठवड्यात तो काहीतरी म्हणाला. हल्ली त्याचं बोलणं जड झालंय, मला दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं. डब्याच्या वरच्या काठाला एक भोक पाड म्हणत होता, हनुवटीसाठी.

"अजून अंगठा चालतोय की," मी म्हटलं.

"आत्ता कुठे हवं ते सांगता येतंय. नंतर नाही सांगता येणार."

 मी डबा त्याच्या पुढ्यात उभा धरला. त्याने मान खाली करून हनुवटी काठावर टेकवली, आणि मी तिच्याभोवती पेन्सिलीने खूण केली.

"डावीकडे," तो म्हणाला. "स्वल्प."

मी खूण खोडली आणि बोटभर डावीकडे पुन्हा केली.