डल्सीचा बुडालेला नवरदेव

छप्पन साली वॉरेगो नदीला मोठा पूर आला, त्यात डल्सी प्रेंटिसचा होणारा नवरा घोड्यासकट वाहून गेला, आणि म्हणूनच ते एक गाणं म्हणताना तिचा आवाज बुडतो, असं आमच्या कनमुल्ला गावात लोक पन्नास वर्षं कुजबुजत होते. प्रत्येकाची त्यात आपापली भर. घोडा कुणी काळा सांगे, कुणी पांढऱ्या पायांचा. पोस्टातल्या मॅव्हिसला तर त्याचा बूट कुठल्या झाडाला अडकला तेही ठाऊक होतं. नावाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत: लेन. आता कबूल करायला हरकत नाही, लेन हे नाव मी दिलं. डल्सीच्या गाण्यांच्या फिरत्या तंबूवर मी तिकिटं फाडायचो. एका बाईने हुंदका देत नाव विचारलं, तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? बाकीची गोष्ट माझ्याआधीच तयार होती.

गाणं साधंच. माणूस दूरच्या कुरणावरून बायकोला सांगतो आहे: चूल विझवू नकोस गं, मी निघालोय घरी. तिसऱ्या कडव्यात त्या ‘घरी’वर डल्सीचा आवाज हळूहळू खाली जायचा, जड व्हायचा, आता गेलाच म्हणेपर्यंत तळाला टेकायचा, आणि मग कुणीतरी हात देऊन वर ओढावं तसा पुन्हा वर यायचा. त्या जागी बायका रुमाल काढत आणि पुरुष बुटांकडे बघत.

सत्तावन साली, एकोणिसाव्या वर्षी, सिडनीत तिची तबकडी निघाली. त्यानंतर एक्क्याण्णवपर्यंत ती ट्रकमध्येच होती. चार्लव्हिल, लाँगरीच, विंटन, पुन्हा चार्लव्हिल. जत्रेचं मैदान, तंबू, जनरेटरचा धूर, धुळीने खरवडलेला घसा. कुठली कुठली गावं पाहिलीस असं विचारलं तर म्हणायची, “गावं कुठली, मैदानं पाहिली.” ते गाणं रोज दोनदा. एकदा म्हटलं की लोक पुन्हा मागत.

खरं सांगायचा प्रयत्न तिने केला होता. लाँगरीचला भर कार्यक्रमात म्हणाली, “अहो, कुणी बुडालं नव्हतं.” पुढच्या रांगेतल्या बायका दुप्पट रडल्या. “बघा, अजून मनाला मान्य होत नाही बिचारीच्या!” त्यानंतर तिने नाद सोडला. तंबू भरत होता, आणि आम्ही सगळे त्याच्यावरच जेवत होतो.

केल्विन तंबूतले दिवे दुरुस्त करायला आला आणि राहिलाच. वायरमन माणूस, बोलणं कमी. लग्नाच्या दिवशी आमच्यातल्या एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “मोठ्या मनाचा आहेस बाबा.” हे वाक्य त्याने पुढची चाळीस वर्षं गावोगाव ऐकलं. तो हसायचा आणि फ्यूज बघायला जायचा.

ट्रक थांबल्यावर डल्सी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात लागली. गाणं बंद. मग केल्विन गेला. चर्चमध्ये कुणीतरी, भल्या मनानेच, तेच गाणं लावलं. आवाज बुडाला आणि अख्खं चर्च रडलं, दुसऱ्यासाठी. मॅव्हिसला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिची कुजबुज वेदीपर्यंत पोचते. “बिचारा केल्विन,” ती म्हणाली. “जन्मभर दुसरा नंबर.”

डल्सी पहिल्या बाकावर होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दोन वर्षांनी ब्रिस्बेनहून ब्रेट ऑलसन आला. पन्नाशीचा, केसांची शेपटी बांधलेला, नवी तबकडी करू या म्हणणारा. बारा गाणी. डल्सीने पाय स्टुलावर ठेवून त्याचं सगळं ऐकून घेतलं.

“मी चौऱ्याहत्तरची आहे,” ती म्हणाली. “जिना चढले तरी थांबावं लागतं. तरी म्हणेन. पण ते गाणं सरळ म्हणणार. कुठेही न बुडता.”

ब्रेटचं तोंड उतरलं. “बाई, सगळं त्या जागेतच तर आहे. आईच्या शेवटच्या आजारात मी रोज तेच लावायचो. ती जागा आली की ती माझा हात धरायची.”

“मग ती जुनी तबकडी कुठे पळून गेलीय? ती लाव. हे मला केल्विनसाठी एकदा नीट म्हणायचंय. नको असेल तर बाकीची अकराही राहू देत.”

ब्रेट हो म्हणाला, हिला मागाहून मनवता येईल अशा चेहऱ्याने.

रेकॉर्डिंग गावच्या हॉलमध्ये. त्याचं छप्पर पत्र्याचं. साडेनऊला ऊन चढलं की पत्रा तापून टकटक वाजू लागतो, म्हणून सगळं काम सकाळीच. अकरा गाणी तीन दिवसांत झाली. चौथ्या दिवशी सातला आम्ही जमलो. गिटारवर तिचा जुना सोबती नॉर्म डफी. मॅव्हिस खोबऱ्याचे केक घेऊन हजर.

पहिल्यांदा म्हटलं. ‘घरी’वर आवाज बुडाला. भिंतीजवळून हुंदका आला.

“मॅव्हिस, बाहेर!”

“अगं, मी काय केलं?”

“तू रुमाल काढून बसलीयेस. मला दिसतोय तो.”

मॅव्हिस दारात जाऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा म्हटलं, बुडाला. तिसऱ्यांदाही बुडाला. डल्सी खुर्चीत बसली. इतकी थकलेली मी तिला ट्रकमध्येसुद्धा पाहिली नव्हती.

“मी मुद्दाम नाही करत रे,” ती म्हणाली. “गळाच जातो खाली. पन्नास वर्षं त्याला हेच शिकवलं, आता माझं कशाला ऐकतोय.”

ब्रेट हळूच म्हणाला, “मग राहू दे ना तसंच. किती सुंदर लागतंय.”

सव्वानऊ झाले होते. नॉर्मने गिटारच्या खुंट्या पिळल्या आणि म्हणाला, “जलद घेऊ या. बुडायला वेळच द्यायचा नाही.”

“नाचाचं करतोस काय ते?”

“नाचाचंच आहे ते, बये. माणूस घरी जेवायला निघालाय, मयताला नाही.”

डल्सी उठली. चौथ्यांदा आवाज गुडघाभर गेला आणि थांबला. वर पत्र्यावर पहिली टक वाजली. ब्रेटने छताकडे पाहिलं. “पुन्हा,” ती म्हणाली. नॉर्मने गिटार जवळजवळ पळवलीच.

पाचव्यांदा ती ‘घरी’वर आली आणि सरळ चालत पुढे गेली. आवाज बारीक होता, कडांना फाटलेला, म्हातारा. पण सरळ. मग शेवटचं कडवं आलं. माणूस दारात येतो, बूट काढतो, रश्शात मीठ कमी म्हणून कुरकुरतो आणि पोटभर जेवतो. हे कडवं गाण्यात पहिल्यापासून होतं. तोवर लोक रडत असायचे, म्हणून ते कुणी ऐकलंच नव्हतं.

दारातून मॅव्हिस ओरडली, “अगंबाई, पोचतो की तो!”

“झालं,” डल्सी म्हणाली आणि बूट काढून घोटे चोळत बसली.

ब्रेट म्हणाला, “चांगलं आहे. पण हे ते गाणं नाही.”

“हेच ते गाणं.”

“मग इतकी वर्षं आवाज तिथे का बुडायचा?”

तिने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. म्हातारी आपली फिरकी घेतेय असं वाटून तो हसला, आणि कव्हरवर त्याने पुराचीच गोष्ट छापली. त्या गाण्याच्या नावाखाली मात्र तिने छापून घेतलं: केल्विनसाठी.

वॉरेगोच्या पुरात डल्सीचं कुणी बुडालं नव्हतं. तिचे वडील मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांचा स्वयंपाक करायचे, आणि तिथल्या चावीच्या ग्रामोफोनची स्प्रिंग थकलेली होती. हे गाणं लावलं की तिसऱ्या कडव्याला तबकडी मंद व्हायची आणि आवाज खाली जायचा; वडील कणकेचे हात पुसून चावी द्यायचे, की तो पुन्हा वर यायचा. ती नऊ वर्षांची होती. गाणं तसंच आहे असं तिला वाटलं.