बडीशेपेच्या वाटीतली नोट

बडीशेपेचा वास आला की मानपाड्यातलं ते हॉटेल आठवतं आणि आजही डोकं फिरतं. एका रविवारी दुपारी आईला मासे खायला घेऊन गेलेलो. तिचा हात कापतो हे बघून साठीच्या वेटरने न सांगता सोलकढी अर्धा ग्लासच भरून आणली, ती संपल्यावर उरलेली अर्धी. निघताना मी बडीशेपेच्या वाटीत त्याच्यासाठी शंभराची नोट ठेवली. मॅनेजर आला, नोट उचलली आणि सरळ गल्ल्यात टाकली. "टिप सगळ्यांची एकत्र जमते, महिन्याला वाटतो." "शेवटची कधी वाटली? विचारू यांना?" मी सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असा ओरडलो. वेटर पुढे आला, हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, जाऊ द्या ना. तुम्ही जेवून घरी जाल, मला इथेच राहायचंय." मी ऐकतोय कसला! नोट गल्ल्यातून काढायला लावली, त्याच्या खिशात कोंबली आणि छाती फुगवून निघालो. पुढच्या महिन्यात गेलो, तर दुसऱ्याच वेटरने सोलकढी काठोकाठ भरून आणली. आईने ग्लासला हात लावला नाही. "ते मागच्या वेळचे कुठेत रे?" तिने विचारलं. मॅनेजरला मी अजूनही शिव्या घालतो; आईला मात्र अजून उत्तर दिलेलं नाही.