न्हावी माशाचं पाणी

मानोऱ्याजवळच्या तांड्यात रुपाबाईच्या घरी समुद्र आला, तो पत्र्याच्या चार डब्यांतून. तिचा एकुलता एक मदनसिंग मुंबईत एका पारशी शेठच्या बंगल्यावर माशांच्या काचपेट्या सांभाळायचा. शेठ विलायतेला निघाला, तेव्हा एक पेटी आणि एक निळा मासा पोराला देऊन गेला, आणि पोरगा डब्यांत समुद्राचं पाणी भरून ते सगळं तांड्यात घेऊन आला. माशाच्या शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखं पातं होतं. साहेब लोक त्याला सर्जन म्हणत. तांड्यानं एका दिवसात त्याचा न्हावी करून टाकला. पाहायला ही गर्दी, जशी पोहरादेवीची जत्रा. प्यायचं पाणी कोसावरून आणणाऱ्या बायकांनी हे न पिण्याचं पाणी पाहून पदर तोंडाला लावला.

मदननं मुंबईहून छातीचा रोगही आणला होता. पंचावन्न सालच्या चैत्रात तो गेला. शेवटचे आठ दिवस त्याचा श्वास फुस... फुस... असा ओढून यायचा, आणि रुपाबाई उशाशी बसून पुढच्या श्वासाची वाट पाहायची. जाताना तो बापाला एवढंच म्हणाला, "बा, न्हाव्याले मरू देऊ नको."

रतनसिंगानं त्या शब्दाला जीव बांधला. दगड ओले करून उन्हात ठेवायचे, त्यावर शेवाळ धरलं की पेटीत सोडायचे. मासा ते खरवडून खायचा. पाण्यात हवा सोडायला मदननं सायकलच्या पंपाला रबरी नळी जोडून ठेवली होती. म्हातारा तासातासाला पंप मारी. फुस... फुस...

चुलीपुढं रुपाबाईचा हात थांबायचा. तोच श्वास, तीच ओढ.

"आयकू येते का तुमाले?" ती विचारी.

"काय?"

"मदन."

"पंप आहे तो. काहून जीवाले लावून घेऊन राह्यली?"

त्याच्यासाठी त्या आवाजात पोराचं काम होतं. तिच्यासाठी पोराचं मरण होतं, रोजचं, तासातासाचं. मासा जगेल तोवर पंप थांबणार नव्हता.

वैशाखात पेटीतलं पाणी आटू लागलं. मदन असताना एकदा असंच आटलं होतं. रतनसिंग तेव्हा अनसिंगच्या बाजारात बैल पाहायला गेला होता. मदननं आईकडून विहिरीचं पाणी मागून घेतलं आणि समजावलं, "याडी, मीठ कुठीच जात नाही. पाणीच उडून जाते. म्हणून गोडंच पाणी टाकाचं."

रतनसिंगाला हे ठाऊक नव्हतं. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर कोकणातून मीठ आणायचा, आणि मिठाचं शहाणपण त्या घराण्यात कोणी दुसऱ्याकडून घेत नसे. घागरीत खडे मिठाच्या मुठी टाकत तो म्हणाला, "मीठ घटतेच. आजा शंभर गोण्या भरे, इथं नव्वदच पोचत."

रुपाबाई घागर धरून उभी होती. मदनचं बोलणं तिच्या ओठांवर आलं. तेवढ्यात म्हाताऱ्यानं पंप हाती घेतला, आणि तिनं ते बोलणं गिळलं. जाणूनबुजून गिळलं. पुढं रोज घागर तिनंच आणली, आणि मीठही तिनंच काढून दिलं.

मासा कोपरा धरून बसला. रंग उतरला. रतनसिंगाला वाटलं, मीठ कमी पडलं; त्यानं आणखी टाकलं. पंधराव्या दिवशी दुपारी मासा आडवा तरंगत होता.

त्यानं मदनशेजारीच त्याला पुरलं. तांडा हसला नाही. घरी येऊन त्यानं पंप फडक्यात गुंडाळून वर ठेवला, आणि रुपाबाई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. खोटं कशाला सांगायचं, तिला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी पेटीच्या काचेवर पांढरा थर दिसला. रतनसिंगानं बोट फिरवून जिभेला लावलं. खारट. पाणी उडालं होतं, मीठ जागेवरच होतं.

"मदन तुले पाण्याचं काही बोलला होता का?"

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे मीच मारलं त्याले. पोरानं जन्मात एकच काम सांगतलं होतं मले." आणि सत्तरीचा तो माणूस गुडघ्यात तोंड घालून रडू लागला.

रुपाबाईला ते पाहवेना. खरं सांगून टाकायला तिनं तोंड उघडलं, तर शब्द फुटला नाही. छातीतून नुसतं फुस... फुस... येत राहिलं.