सरांचा बसलेला आवाज

मोगऱ्याचा वास आला की मला फुटबॉल आठवतो. गोवा राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. धारगळच्या पोरांशी सामना होता आणि आमचे सर शिरगावच्या जत्रेतून गळ्यात मोगऱ्याची माळ घालून थेट मैदानावर आले, देवीचा जयजयकार करून घसा पार बसलेला. एरवी "पास दी, धांव, मार" असा त्यांचा सारखा ओरडा, त्यामुळे आम्ही चेंडूपेक्षा त्यांच्या तोंडाकडेच जास्त बघायचो. त्या दिवशी आधी गोंधळलो, मग एकमेकांना हाका घालू लागलो, आणि तांबड्या धुळीतून चेंडू या पायातून त्या पायात असा काही पळाला की गोल झाल्यावर आम्हीच थक्क. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "सर, आवाज आयलो?" "ना रे, अजून बशिल्लोच आसा," सर खणखणीत आवाजात म्हणाले आणि बांधावर जाऊन गप्प बसले. आता मी पोरांना शिकवतो. सामन्याच्या दिवशी माझाही आवाज हटकून बसतो.