आईने मागितलेला मोगरा

मंडळी, हे आजच सांगायला हवं.

मी घरी कोंबुचा करते. म्हणजे साखर घातलेला कोरा चहा बरणीत आंबवायचा, आणि आंबला की त्यात मोगऱ्याची फुलं टाकून ठेवायची. आज सकाळी फुलं घ्यायला जयनगरच्या बाजारात आईही बरोबर आली. बाबा गेल्यापासून तिने केसात फूल माळलेलं नाही. आम्ही सांगून थकलो.

फुलवाल्या अक्काने मला हातभर माळ दिली आणि वर स्वल्प जास्तीची तोडून आईपुढे धरली. आई घाईने म्हणाली, “नको हो, फुलं चहासाठी आहेत.” तो तुकडाही तिने पिशवीतच टाकला.

घरी तिनेच एकेक फूल सोडवून बरणीत टाकलं.

संध्याकाळी गाळून दोघींनी चाखला. आधी आंबटगोड, मग मागून मोगरा. आईने घोट तोंडात धरून ठेवला.

“तुझे बाबा गजऱ्याची पुडी आणायचे, तिला असाच वास यायचा,” म्हणाली. मग पेल्यात बघत, “पुढच्या वेळी सगळी फुलं चहात घालू नकोस. थोडी मला ठेव.”

पुढची वेळ कशाला, मी चप्पल घालून निघालेच. आता गजरा ओल्या कापडात गुंडाळून ठेवलाय. सकाळपर्यंत ताजा राहील ना?