काठवट आणि माची

"माझी आजी माची आहे," समोरची शेजारीण म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठल्या गडाची?"

रायगड जिल्ह्यात वाढलेल्या बाईला माची म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? ती हसत हसत जमिनीवरच बसली. सौदीतल्या थुवालच्या विद्यापीठाच्या कॅम्पसवर आमची दारं समोरासमोर. ती चिलीच्या दक्षिणेकडची, तिथल्या मूळनिवासी मापुचे लोकांपैकी, इथे प्रवाळांवर संशोधन करायला आलेली. मला आपा म्हणायला मीच तिला शिकवलं होतं. त्यांच्याकडे माची म्हणजे ढोल वाजवून, गाऊन आजार बरे करणारी बाई. पाद्री म्हणायचे, ढोल सैतानाचा. सरकारी शाळेत शेजारणीच्या आईला घरची भाषा बोलली म्हणून मार बसायचा. आजीने भिंतीवर क्रूस टांगला आणि त्याच्याखाली बसून खुशाल ढोल वाजवला. आईने मात्र ती भाषाच टाकली. लेकीला एक शब्द शिकवला नाही.

आता आजीला विसर पडायला लागला होता. तिचं सकाळचं, सूर्याला हाक मारायचं गाणं नातीला हवं होतं, ते पार पुसून जायच्या आत. पण ढोलाशिवाय गाणं तिच्या तोंडून निघेना, आणि ढोलाचं कातडं फाटलेलं. शिवाय आई घरी असताना विषयच नको. ती रविवारी सकाळी चर्चला जायची, तेवढाच तास मोकळा. इथे तेव्हा असरची, दुपार उतरतानाची नमाज होऊन गेलेली असते.

"यल्ला, ढोल कसा असतो ते सांग," मी म्हटलं.

"लाकडी वाडगा, वर कातडं."

मी घरात जाऊन काठवट घेऊन आले. तांदळाच्या भाकरीसाठी सासूने दिलेली. विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं तेव्हा बॅगेतून माझे कपडे काढले, ती नाही. कातडं कुठून आणणार? सरळ पालथी घातली.

रविवारी फोन उशीला टेकवला. पडद्यावर आजी, अंगावर चांदीचे दागिने. मी लाकडी डाव हाणला. आमच्या मोहल्ल्यात हळदीला ढोलकी माझ्याकडे असायची. पुढे घरच्या मोठ्यांनी गुनाह म्हणून ती बंद करवली, त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. इतक्या वर्षांनी हाताखाली लाकूड आलं, आणि हात थेट हळदीच्या तालात शिरला.

आजी काहीतरी बोलली.

"विचारतेय, लग्न कुणाचं आहे," शेजारीण म्हणाली.

आम्ही हसून हसून आडव्या झालो. आजी खुर्चीत बसल्या बसल्या खांदे उडवत होती. मग तिने मांडीवर थापा मारून खरा ताल दाखवला. मी पकडला. ती गायला लागली, मागोमाग नात. मला इतका आनंद झाला की काठवट फुटेल याचंही भान राहिलं नाही.

तिसऱ्या ओळीवर आजी अडकली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. ती आपल्या हातांकडे बघत बसली.

तेवढ्यात तिच्यामागचं दार उघडलं. आई चर्चमधून लवकर आली होती, खांद्याला पर्स, हातात बायबल. शेजारणीने माझं मनगट घट्ट धरलं.

आई तशीच उभी राहिली. मग कुणाकडेही न बघता, हळू आवाजात, ती तिसरी ओळ गायली.

शेजारणीने माझं मनगट सोडलं.

"आपा," ती म्हणाली, "थांबू नको. वाजव."