धाकट्याचे तळपाय

मी आठवीत शाळा सोडली ती तालमीसाठी. कुस्तीत नाव झालं नाही, गुडघा गेला, पण वस्तादांनी मालिश तेवढी हातात घातली आणि त्या मालिशीनं मला सिंगापूरपर्यंत आणलं. आधी एका मालिश केंद्रात होतो. ते बंद पडायला आलं तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. इथं कामाचं परमिट मालकाशी बांधलेलं, मालक गेला की आपणही गेलो. तिथं गिऱ्हाईक म्हणून येणारा एक परदेशी फुटबॉल कोच म्हणाला, "पैलवान, माझ्याकडं ये. पोरांचे पाय बघायला मला माणूस हवाच आहे." कागदपत्रं त्यानंच केली. त्याचं मीठ मी खाल्लंय, म्हणून हे जपून लिहितोय.

तोआ पायोहला एका भाड्याच्या मैदानावर तो मुलांना शिकवायचा. त्याच्या देशाचं नाव लिहीत नाही. तिथं एका हुकूमशहाचं राज्य होतं आणि कोच तिथल्या राष्ट्रीय संघातून खेळलेला. एकदा जाळी गुंडाळताना तो म्हणाला, की त्यांच्या फुटबॉलचा सगळा कारभार हुकूमशहाच्या थोरल्या मुलाकडं होता.

मी भाबडेपणानं म्हणालो, "मग नशीबवान तुम्ही! आमच्याकडं राजानं पैलवान पोसले. तूप, बदाम, राहायला जागा. राजाच्या घरचं लक्ष असलं की खेळाडूला काय कमी?"

त्यानं जाळीची गाठ आवळली. मग म्हणाला, "लक्ष होतं. फार होतं."

पुढं तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. मध्यंतराला खेळाडूंच्या खोलीत फोन वाजायचा, आणि पलीकडून तो मुलगा सांगायचा, हरलात तर बघा. परदेशात हरून आलं की विमानतळावरून बस घराकडं वळायचीच नाही, तुरुंगाकडं जायची. डोकी भादरायची. पाय वर बांधून तळव्यांवर केबलचे फटके. आणि त्याच पायांनी पुढचा सामना. आम्हीही मार खाल्लेला. पण वस्ताद मारून झाल्यावर दूध पाजायचे, आणि त्यांना आमची कुस्ती कळायची. त्या मुलाला फुटबॉल कळत नव्हता, नुसती हार-जीत कळत होती.

एका परदेश दौऱ्यात कोच हॉटेलच्या मागच्या दारानं पळून गेला. कुणालाच सांगितलं नाही. धाकटा भाऊ त्याच संघाचा गोलकीपर, शेजारच्या पलंगावर झोपलेला. त्यालाही नाही.

"त्याला माहीतच नसलं, तर त्याला विचारून काय मिळणार होतं त्यांना?" कोच मला म्हणायचा. मला नव्हे, स्वतःलाच म्हणत असावा. या एका समजुतीवर त्यानं कितीतरी वर्षं काढली.

मग ते राज्य कोसळलं, तो थोरला मुलगाही मेला, आणि धाकटा जिवंत आहे, पण पाय अधू झालेत, असा निरोप आला. पायांच्या इलाजासाठी कोचनं त्याला इकडं बोलावून घेतलं. विमानतळावर जाताना टॅक्सीत तो म्हणाला, "पाय डॉक्टर बघतील. त्यानं मला माफ केलंय का, एवढंच मला बघायचंय." मी मान डोलावली. पण माझी भीती वेगळीच: दिलजमाई झाली आणि हा भावाबरोबर मायदेशी निघून गेला, तर माझं काय?

धाकटा काठी टेकत आला, हसराच निघाला. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "हा पगार देतो का तुला, की नुसताच ओरडतो?"

"दोन्ही," मी म्हणालो.

एकदा तो मैदानावर आला. त्या दिवशी आमची पोरं सपाटून हरली. शिट्टी वाजल्याबरोबर एकजण कोचच्या पाठीवर उडी मारून इथल्या इंग्रजीत ओरडला, की नुसते हरलोच तर आहोत, "लॉस्ट ओन्ली लाह, कोच! आइस्क्रीम!"

"आता यांचं काय करणार?" धाकट्यानं विचारलं.

"ऐकलंस ना. आइस्क्रीम."

धाकटा हसायला लागला. हसता हसता तोंड फिरवून बसला.

ऑपरेशननंतर मालिशीनं आराम पडेल असं डॉक्टर म्हणाले. रोज दुपारी मी वुडलँड्सच्या माझ्या खोलीवरून पासिर रिसला कोचच्या फ्लॅटवर जायचो. इतक्या पैलवानांचे पाय मी हाताळले, पण असे तळवे नाहीत. जिथं मांस मऊ असायला हवं तिथं गाठीच गाठी, आणि टाचेकडं बोट नेलं की त्याचा श्वास अडकायचा. दोघं भाऊ जेवणाचं बोलायचे, उकाड्याचं बोलायचे. तेवढंच.

एका दुपारी कोच खुर्चीत बसलेला असताना धाकटा इंग्रजीत माझ्याशी बोलू लागला. इंग्रजी आम्हा दोघांचीही मोडकीच. भावाकडं त्यानं पाहिलंही नाही.

"पैलवान, ते मला रोज विचारायचे, भाऊ कुठाय, कुणी पळवला. मी म्हणायचो, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. ज्याच्याकडं सांगण्यासारखं काहीच नाही, त्याला मारणं ते थांबवणार कधी? मला माहीत असतं, तर पहिल्याच दिवशी सांगून सुटलो असतो. तोवर हाही लांब पोचलाच असता."

लेकी बोले सुने लागे. माझे हात थांबले.

कोच त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, बरंच बोलला. धाकटा छताकडं बघत होता. मग कोच खाली येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसला. तळहातावर तेल ओतलं आणि भावाच्या पायाला हात लावायला गेला.

धाकट्यानं पाय ओढून चादरीखाली घेतले. रागानं नव्हे. चटका बसल्यासारखे. मला म्हणाला, "तू कर."

मी कोचकडं पाहिलं. हातावरचं तेल कुठं पुसावं हे त्याला सुचत नव्हतं. "कर," तो म्हणाला, "थांबू नकोस." मी चादर बाजूला केली. तो तिथंच बसून बघत राहिला.

आठवड्याभरानं धाकटा परत गेला. विमानतळावर दोघांनी गळाभेट घेतली; बघणाऱ्याला काही कळलं नसतं. कोच इथंच राहिला. माझी नोकरी वाचली, पण त्याचा आनंद मला धड करता आला नाही.

धाकट्याचा फोन येतो, पण माझ्या मोबाइलवर.

"कसा आहे तो? झोप लागते का त्याला?"

"समोरच आहेत. देऊ?"

"नको. तूच सांग."

मी सांगतो. फोन ठेवला की कोच जवळ येतो.

"काय म्हणाला?"

"तुम्हाला झोप लागते का विचारत होते."

"मग?"

"लागते म्हणालो."

"बरं केलंस," तो म्हणतो, आणि पोरांकडं वळतो.